240 पिक्सेलमधला अॅस्ट्रो बॉय

अॅनिमेवर, म्हणजे जपानी अॅनिमेशनवर, बेतलेले आणि हातात धरायच्या यंत्रांवरचे जुने व्हिडिओ खेळ म्हणजे लोकप्रिय नावावर खपवलेला माल, असे अनेक जण म्हणतात आणि काही खेळांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु ट्रेझर आणि हिटमेकर या जपानी खेळ-कंपन्यांनी गेम बॉय अॅडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्रासाठी 2003 साली केलेला ‘अॅस्ट्रो बॉय : ओमेगा फॅक्टर’ खेळल्यावर ते मत टिकत नाही. अवघ्या 240 गुणिले 160 पिक्सेलच्या पडद्यावर अॅस्ट्रो बॉयचे जनक, चित्रकथाकार ओसामु तेझुका यांच्या निरनिराळ्या मालिकांतील पात्रे अॅस्ट्रो या यंत्रमानव मुलाला भेटत जातात आणि या ओळखींतूनच त्याच्या शक्ती वाढत जातात. त्या यंत्राच्या पहिल्या आवृत्तीच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे फोंड्यातल्या आषाढी पावसात, भरदुपारी काळोख दाटलेला असताना, मी ते सोप्यावर बसून अंगणाच्या उजेडाकडे तिरपे धरून खेळते.

निन्टेन्डो डीएस या नंतरच्या यंत्रावरील 2005 चा ‘जंप सुपर स्टार्स’ हा लढतीचा खेळ मला याहून धाडसी वाटतो. त्यात 20 घरांच्या जाळीत मांगाच्या (जपानी चित्रकथांच्या) चौकटी आपणच मांडायच्या असतात: एका घराची चौकट नुसता हातभार लावते, दोन-तीन घरांची क्षणभर येऊन वार करते आणि चार किंवा अधिक घरांची प्रत्यक्ष लढते. हा खेळ अधिकृतपणे जपानबाहेर आला नाही, पण त्या डीएसला प्रादेशिक कुलूप (दुसऱ्या देशातले खेळ अडवणारी सोय) नसल्याने जपानी कार्ट्रिज इथेही चालते. म्हापशाच्या माझ्या भाच्याला जपानी येत नाही, तरी तो चित्रे पाहूनच आपली चौकटींची फळी अचूक रचतो.