तुम्ही विचारलंत म्हणून: आज्जींना कशाला बसवता?

"अ‍ॅप तुम्ही करणार, मग त्या घरच्या आज्जींना आणि पोरांना घेऊन कशाला बसता? फॉर्म भरून घ्या की!" बेळगावच्या उद्यमबागेतले ओळखीचे कारखानदार असोत नाहीतर माझे मेव्हणे, हा प्रश्न ठरलेला.

फॉर्म भरून घेतले होते हो. येळ्ळूरचं घर. आज्जींची बीपीची गोळी चुकू नये म्हणून आठवण करणारं अ‍ॅप हवं होतं. मुलगा पुण्यात कंपनीत, घरी सून आणि सातवीतली नात. सगळ्यांनी लिहिलं, 'आठवण हवी'.

मग मी उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा मोबाइल कापला, पेन्सिलनं बटणं काढली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवला. आज्जींनी 'गोळी घेतली'वर बोट टेकवलं. "हे दाबलं की त्याला तिकडं कळतंय काय, मी जेवले म्हणून?"

गोळी त्या कधी विसरतच नव्हत्या. मुलाची रात्रपाळी असली की दिवसा फोन करावा तर त्याची झोप मोडते, ही खरी अडचण. फॉर्ममध्ये तिला रकानाच नव्हता.

पहिल्याच पडद्यावर मी 'भाषा निवडा: मराठी / कन्नड' असं टाकलं होतं. आपल्या भागात हा प्रश्न जरा जपूनच विचारावा! सून नुसती हसली. घरात फोन एकच. सून मराठी शाळेत शिकलेली, नात कन्नड माध्यमात, आज्जींना अक्षरओळख नाही. नातीनं माझं बटण खोडून दोन्ही भाषा एकाखाली एक लिहिल्या आणि बाजूला आज्जीसाठी एक ताट काढलं.

असं साधंसं काहीतरी घरात ठेवून बघायची ही युक्ती माझ्या डोक्यातली नव्हे. स्वीडन, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 'इंटरलिव्हिंग' प्रकल्पात कुटुंबांच्या घरी अगदी साधी उपकरणं नेऊन ठेवली; २००३ मध्ये त्यावर निबंध आला. एकावर लांब राहणारे नातेवाईक पेनानं एकमेकांना चिठ्ठ्या लिहायचे. दुसऱ्यात कॅमेऱ्यासमोरचं दृश्य तीनेक सेकंद हललं नाही की फोटो नातेवाइकांच्या घरी दिसायचा, आणि जपून ठेवला नाही तर हळूहळू पुसट व्हायचा. विकायचं त्यात काही नव्हतं. घरचे त्याचं काय करतात ते बघायचं, आणि पुढं काय बनवायचं ते त्यांच्याबरोबर ठरवायचं.

आता येळ्ळूरात ताट दाबलं की पुण्यात आवाज न होता ताट उमटतं. परवा मुलानं रिकामं ताट पाठवलं. आज्जी नातीला विचारत होत्या, "म्हणजे जेवला, का अजून जेवायचाय?"