घरात आधी कुणाला होतं का?

मला ओसीडी आहे, म्हणजे नकोसे विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा तीच कृती करायला लावणारा आजार, आपला मंत्रचळ. हे मी लपवत नाही. त्यामुळे एक प्रश्न ठरलेला असतो, आणि तो आवाज जरा खाली आणूनच येतो: "तुमच्या घरात आधी कुणाला होतं का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा हा प्रश्न मला मानसोपचारतज्ज्ञांनी विचारला. माझं उत्तर तयार होतं. "छे, कुणालाच नाही." मी खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे आजारी कुणी नव्हतंच. एक काका हळवे होते, एक मावशी 'जरा विचित्र' होती आणि आजोबा काटेकोर. मंत्रचळ हा शब्द मराठीत केव्हापासूनचा आहे, पण तो लोकांच्या घरातल्या माणसांसाठी. आपल्या माणसाला आपण विशेषण देतो.

आजोबांचा काटेकोरपणा म्हणजे कुलूप. घराबाहेर पडताना ते कुलूप लावायचे, ओढून बघायचे, चार पायऱ्या उतरायचे आणि परत वर जायचे. इतकं ओढायचे की तळहातावर कडीचा लाल वळ उठायचा. आम्ही सगळे खाली ताटकळत. मी पाच-सहा वर्षांची असेन, आणि माझ्याकडे एक काम होतं: "लागलंय हो आजोबा" असं तीनदा म्हणायचं. दोनदा चालायचं नाही. मधे कुणी खोकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ते काम माझ्याकडे असल्याचा मला कोण अभिमान!

माझ्या आजारात कुलूप नव्हतं, म्हणून तर मला आजोबा आठवलेही नाहीत. लेक तीन आठवड्यांची होती. हातात सुरी असताना डोक्यात आलं, ही तिला लागली तर? मीच लावली तर? असले नकोसे विचार बहुतेकांना कधीतरी चाटून जातात, आणि लोक ते झटकून कामाला लागतात. मला झटकता येईना. ज्या गोष्टीच्या कल्पनेनं आपल्याला कापरं भरतं, तीच गोष्ट मन पुन्हा पुन्हा समोर धरतं, असा हा आजार. सुऱ्या वरच्या फळीवर गेल्या. मग मी बाळाजवळ एकटी थांबेनाशी झाले. आणि नवऱ्याच्या मागे एकच धोशा: "मी तिला काही केलं नाही ना?"

औषधं सुरू झाली. ती या आजारात लगेच गुण देत नाहीत, आठ-बारा आठवडे कळ काढावी लागते. जोडीला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. १९६६ साली मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी ज्याचे पहिले अनुभव मांडले, ते हे तंत्र: भीती वाटते तिथेच थांबायचं, आणि ती शमवणारी कृती करायची नाही. चौथ्या भेटीत थेरपिस्टनी नवऱ्याला विचारलं, "ह्या विचारतात तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"नाही गं, म्हणतो. तीनदा म्हटलं की थांबते."

तीनदा. मला थेट त्या पायऱ्याच दिसल्या.

आता तुमच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न: मुलीला होईल का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांचे आईवडील, भावंडं आणि मुलं यांच्यात ओसीडीचं प्रमाण सुमारे १२ टक्के निघालं, तुलनेसाठी घेतलेल्या कुटुंबांत ३ टक्क्यांच्या आत. चौपट म्हटलं की पोटात गोळा येतो. शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जणांना झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. आजार लहानपणीच सुरू झाला असेल तर घराण्याशी धागा जास्त घट्ट असतो. आणि कुठलं एक जनुक आजोबांकडून माझ्याकडे आलं असंही नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो, उरलेलं आयुष्य घडवतं.

जनुकांचं मी काही करू शकत नाही. "लागलंय हो आजोबा" याचं मात्र करू शकते. अशी उत्तरं घरातले लोक मायेनं देतात, आणि त्यांवर आजार पोसला जातो. आजोबांना माझ्या त्या तीन वाक्यांनी घटकाभर बरं वाटायचं. पुढच्या वेळी कुलूप पुन्हा तितकंच ओढलं जायचं. मी आजोबांना बिघडवलं, असं म्हणत नाही. सहा वर्षांच्या पोरीला कोण दोष देणार? पण घरात कुणालाच कधी "बास, एकदा सांगितलं" म्हणवलं नाही, हे खरं.

लेक आता नऊ वर्षांची आहे. परवा झोपताना म्हणाली, "आई, दार लावलंस ना?"

"लावलं."

थोड्या वेळानं पुन्हा. "नक्की?"

"सांगितलं ना मगाशी," मी म्हटलं. ती कूस बदलून दोन मिनिटांत झोपलीसुद्धा. कडी बघून यावंसं वाटत अंथरुणात पडून राहिले ती मी.