बसून ९६, चालताना ७९

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकमध्ये फुफ्फुसांच्या जुन्या पेशंटांचा व्यायाम घेते. त्या दिवशीचं लिहायलाच हवं, कारण ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे पण सगळे तो खुर्चीत बसूनच लावतात.

पंचवटीतले एक काका आलेले, सत्तरीचे, फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार. मुलगा मोबाईलमधले फोटो दाखवायला लागला, मॅडम बघा ना रोज ९५-९६ येतंय, तरी बाबा म्हणतात आंघोळ केली की दम लागतो, रामकुंडावर जाणं तर बंदच केलंय, उगाच मनाने घेतलंय का त्यांच्या? काका काहीच बोलले नाहीत.

सहा मिनिटांची चालण्याची टेस्ट आम्ही ३० मीटरच्या पॅसेजमध्ये घेतो. पेशंटच्या जरा मागे राहून चालायचं, पुढे गेलो की ते आमच्या स्पीडने चालायला बघतात. बसून ९६. मग ९२, मग ८६, काका म्हणतायत चाललंय चाललंय, पण ओठ निळसर पडायला लागलेले, आणि चौथ्या मिनिटाला ७९. ८० च्या खाली गेलं की थांबवायचंच असतं, लगेच खुर्ची सरकवली. १६० मीटर झाले होते. मुलाने आकडा बघितला आणि बाबांचा हातच धरून बसला.

फायब्रोसिसमध्ये हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा जाड होतो. बसलेलं असताना रक्ताला ऑक्सिजन उचलायला पुरेसा वेळ मिळतो, चालायला लागलं की रक्त भराभर पुढे जातं आणि तो वेळच उरत नाही. मनाचा काही संबंध नाही.

छातीच्या डॉक्टरांशी बोलून, पुरती विश्रांती देऊन, मिनिटाला ३ लिटर ऑक्सिजनवर परत चालवायचं ठरलं, तर काका नळी लावूच देईनात. २०२१ च्या लाटेत धाकट्या भावाला लावलेली, तो घरी आलाच नाही. खूप वाईट वाटलं मला. म्हटलं काका, ही फक्त चालण्यापुरती, बसलात की काढू, आणि याची सवयबिवय काही लागत नाही. शेवटी हो म्हणाले. सिलेंडरची ट्रॉली मी ओढली, त्यांच्यावर वजन नको म्हणून. पूर्ण सहा मिनिटं, २९० मीटर, ८८ च्या खाली गेलं नाही. थांबल्यावर म्हणाले, ताई, चालताना बोलता येतंय की!

हे सरसकट सगळ्यांना लागू नाही हं. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुन्या आजाराच्या, पेशंटांवर ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, सगळे चालताना ऑक्सिजन उतरणारे, व्यायाम करताना काहींना ऑक्सिजन दिला काहींना साधी हवा, सुधारणा दोन्हीकडे सारखीच. फायब्रोसिससारख्या आजारात मात्र २०१८ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात चालता-फिरता ऑक्सिजनने रोजचं जगणं सुसह्य झालेलं दिसलं. म्हणून प्रत्येकाला चालवूनच बघावं लागतं, आधी बिनऑक्सिजन, मग ऑक्सिजनवर.

मुलगा त्याच संध्याकाळी खांद्यावरचं ऑक्सिजनचं छोटं मशीन ऑनलाइन मागवणार होता, मी थांबवलं. त्यातली बरीच मशीनं फक्त श्वास आत घेताना झोत सोडतात, त्यावरचं ३ नंबर म्हणजे ३ लिटर नव्हे. आधी डेमोचं मशीन आणा म्हटलं, काकांना त्याच पॅसेजमध्ये त्याच्यावर चालवू, आकडा टिकला तरच पैसे घाला.