वजिराचे सलग शह : सरावाची नोंद

बुद्धिबळात वजिराने एकामागून एक शह देण्याच्या कोड्यांचा सराव करताना आता केवळ उत्तर न लिहिता प्रत्येक शहाचे प्रयोजनही वहीत नोंदवू लागलो आहे. शह दिला की प्रतिस्पर्ध्याच्या चाली मोजक्या उरतात आणि गणन सोपे होते हे खरे. परंतु ज्या शहाने आपला वजीर अधिक चांगल्या घरावर येत नाही किंवा राजा वाईट घरात जात नाही, तो शह बहुधा व्यर्थ असतो.

सुरुवात बढतीच्या (शेवटच्या पट्टीत पोहोचून वजीर होण्याच्या) उंबरठ्यावरील प्याद्याविरुद्धच्या एंडगेमपासून, म्हणजे डावाच्या अखेरच्या टप्प्यापासून केली. घरांच्या नावातील अक्षर उभा स्तंभ दाखवते, आकडा आडवी पट्टी. पांढरा राजा ए८ वर, वजीर एच८ वर. काळा राजा डी२ वर आणि प्यादे ई२ वर. वजीर डी४ वरून शह देतो. राजा सी२ वर गेल्यास वजीर शह न देता ई३ वर येऊन प्याद्यावर रोख धरतो, त्यामुळे राजाला डी१ वर परतावे लागते. मग डी३ वरच्या शहानंतर प्यादे वाचवायचे असेल तर ई१ खेरीज घर उरत नाही. राजा स्वतःच्याच प्याद्यापुढे अडकला की पांढऱ्या राजाला एक पाऊल पुढे येण्याची सवड मिळते, आणि हीच जिन्यासारखी उतरण पुन्हा पुन्हा करता येते. मला यातली ई३ ची बिनशहाची चाल सर्वांत देखणी वाटते.

हेच तंत्र सी स्तंभातील प्याद्याविरुद्ध मात्र अडते. काळा राजा बी१ वर आणि प्यादे सी२ वर असताना वजिराने बी३ वरून शह दिला, तर राजा निःशंकपणे ए१ वर जातो, कारण प्यादे मारताच स्टेलमेट होते, म्हणजे शह नसताना काळ्याला एकही चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. एफ स्तंभातही काळ्याची हीच युक्ती चालते. ए आणि एच स्तंभांत तर राजा प्याद्यापुढच्या कोपऱ्यात शिरला की प्यादे न मारताही स्टेलमेटचा धोका असतो.

सध्या दोन्ही बाजूंना वजीर असलेली कोडी हाती घेतली असून, त्यात शहापेक्षा काटशहाचा, म्हणजे शह थोपवतानाच उलट शह देण्याचा अभ्यास अधिक होतो. पांढरा राजा सी७, वजीर डी५, प्यादे जी७. काळा राजा ए६. काळ्या वजिराने जी३ वरून शह दिला की पांढरा वजीर डी६ वर आडवा येतो आणि त्याच चालीत काळ्या राजाला शह बसतो. काळ्याने वजीर मारला तर पांढरा राजा तो परत मारतो आणि जी७ चे प्यादे बढती घेते. राजा हलवला तर जी३ वरचा वजीर जातो. ॲमस्टरडॅम येथील १९५४ च्या ऑलिम्पियाडमधील (देशांच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेतील) जगज्जेता बोटविनिक विरुद्ध बल्गेरियाचा मिनेव्ह हा डाव याच कारणासाठी सावकाश खेळून पाहण्याजोगा आहे, कारण जी स्तंभातील प्यादे पुढे नेताना बोटविनिक आपला राजा प्रतिस्पर्धी राजाच्या पट्टीकडे नेतो, जेणेकरून काळ्याचे शह काटशहाने थोपवता यावेत.

यापुढची पाने बरोबरी साधणाऱ्या शहांसाठी राखली आहेत. काळा राजा जी८ वर, प्यादे जी७ वर, एफ७ व एच७ रिकामी आणि काळ्याचे बाकीचे मोहरे दूर असतील, तर ई८ आणि एच५ ही दोनच घरे पांढऱ्या वजिराला आलटूनपालटून अखंड शह देत राहायला पुरतात.