प्रातिकामी : तिसरा खर्डा पूर्ण

रविवारी रात्री ‘प्रातिकामी’ या माझ्या कथेचा तिसरा खर्डा हातावेगळा केला. सभापर्वात द्रौपदीला द्यूतसभेत आणायला विदुर नकार देतो, तेव्हा दुर्योधन एका सूताला, म्हणजे सारथी जातीच्या सेवकाला, पाठवतो, तो हा प्रातिकामी, निरोप्या. त्याला नाव नाही, हुद्दाच काय तो आहे. दोन खेपा घालतो, तिसऱ्यांदा थबकून सभेलाच विचारतो, ‘कृष्णेला (म्हणजे द्रौपदीला) काय सांगू?’ मग दुःशासन उठतो आणि हा कथेतून नाहीसा होतो.

आधीच्या दोन्ही खर्ड्यांत तो फार बोलत होता. भीष्म-द्रोणांना जाब काय विचारायचा, धर्मावर पानंच्या पानं काय! ते सगळं माझं बोलणं होतं. त्याच्या तोंडी कायम दुसऱ्याचे शब्द असतात. म्हणून या वेळी त्याचं चालणंच लिहिलं, अंतःपुरापासून सभेपर्यंतचं, जे व्यासांनी लिहिलेलं नाही.

आणि तिथे मराठीनेच मला अडवलं. द्रौपदीचा प्रश्न आहे, ‘आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला?’ संस्कृतात सूत तो युधिष्ठिराला जवळजवळ तसाच ऐकवतो. पण मराठीत एक सेवक धर्मराजाला ‘हरलास’ म्हणेल? ‘हरलात’ केलं तर तिच्या प्रश्नाची धार जाते. चार दिवस यावर अडलो होतो. शेवटी ती अडचण त्यालाच देऊन टाकली:

‘वाटेत मी तिचे शब्द पुटपुटत होतो. हरलास. प्रत्येक खांबापाशी जीभ हरलात म्हणू पाहायची. सभेच्या दाराशी आलो, तेव्हा ओठ कोरडे पडले होते. मी म्हणालो, द्रौपदी आपल्याला विचारते, आणि मग तिचे शब्द तिच्याच तोंडचे ठेवले.’

युधिष्ठिर त्यावर गप्पच राहतो. ती शांतता मी दोन ओळींत संपवली, जास्त ताणली की नाटकी होते.

भाषेचीही झाडणी केली. ‘दरबार’, ‘हुकूम’, ‘हजर’ हे फारसी-अरबी शब्द नकळत शिरले होते, ते उपटले. ‘निरोप’ मात्र मनासारखा बसला.

आता शेवट बदलायचा राहिलाय. दुःशासन गेल्यावर प्रातिकामीला मी दाराबाहेर उभा केला होता, म्हणजे पुढचं त्याला फक्त ऐकू येईल. पण परवा परत मूळ वाचलं. तो सभेतच आहे, आत, सगळ्यांसमोर. तेव्हा तो आत राहील आणि त्याला सगळं दिसेल. ते पान लिहायला मला अजून धीर झालेला नाही.