खुराकाचा हिशेब

रविवार, रात्र

जत्रेचं कुस्तीचं मैदान बघून आलोय. लाखाच्या इनामाची जोड नुसत्या खडाखडीत, उभ्या-उभ्या झटापटीत गेली, पंचांनी बरोबरीत सोडवली आणि इनाम निम्मं-निम्मं वाटलं. त्याआधीच्या जोडीत मात्र एका पोरानं घिस्सा डावावर कुस्ती जिंकली. मातीनं माखलेला तसाच मैदानाला फेरी मारत होता. कुणी दहाची नोट हातावर ठेवली, कुणी पन्नासची. त्याचा चुलता शेजारीच बसला होता. म्हणाला, "पाव्हणं, दूध घरचं हाय म्हणून निभतंय. बदाम, तूप आन् तालमीचा खर्च ह्यातनं कुठला निघतोय? पोलीस भरतीत लागला की सुटलो."

परतताना जीपमध्ये विषय निघालाच, की 2024 च्या आयपीएल लिलावात ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले आणि आपला पैलवान नोटा गोळा करतोय. मला पंतचा राग येत नाही. ज्याच्यासाठी लोक टीव्हीपुढं बसतात, त्यानं त्या पैशातला वाटा का सोडावा? खटकतं ते वेगळंच. बाकीच्या खेळांत पैसा येतो तो पदकानंतर, आणि खर्च असतो तो आधीच्या दहा वर्षांत.

पैलवान खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं म्हणून. ब्राँझ आणल्यावरही पोट भरलं ते पोलीस खात्यातल्या नोकरीवर. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकणारा आपला नेमबाज स्वप्निल कुसाळे रेल्वेत टीसी होता. कोटी जाहीर झाले ते पदक गळ्यात पडल्यावर. आणि 2022 चा महाराष्ट्र केसरी पृथ्वीराज पाटील? त्याला तर गदा मिळाली, रोख बक्षीस नाही. पोरानं स्वतःच बोलून दाखवलं तेव्हा कुठं देणगीदार जागे झाले. गदा काय दुधात कालवून प्यायची?

पुढच्या साली जत्रा कमिटीच्या बैठकीत मांडणार आहे: लाखाची जोड पन्नास हजारांवर आणा, उरलेले गावच्या तालमीतल्या पोरांच्या खुराकाला द्या, वर्षभर, वस्तादांच्या हातात. ऐकतील असं वाटत नाही. लाखाचा आकडा नसेल तर फ्लेक्सवर छापायचं काय, असं कुणीतरी विचारणारच.