प्रोफाइल लॉक, चौथी नोंद: दोन तास अकरा मिनिटांचं कोडं सुटलं

मंडळी, सापडलं! लॉगिन केल्यावर कधीकधी स्वतःच्या प्रोफाइलऐवजी (म्हणजे खात्याची सगळी सेटिंग आणि फाइली) कोरा डेस्कटॉप का येतो, ते. काल रात्री माझ्या दोन विंडोज सर्व्हरांपैकी होस्ट-एक मुद्दाम धाडकन बंद पाडला, लगेच होस्ट-दोनवर ताईच्या खात्याने लॉगिन केलं, आणि पाऊण मिनिट थांबावं लागलं तरी तिचं स्वतःचं प्रोफाइल उघडलं. वॉलपेपर, ब्राउझरमधल्या खुणा, चित्रकलेच्या प्रोग्रॅममधले तिने महिनोन्‌महिने घडवलेले ब्रश, सगळं जागच्या जागी. खात्री पटेना म्हणून तेच आणखी चारदा केलं. चारही वेळा उघडलं.

मांडणी मागच्या तीन नोंदींतलीच आहे: प्रॉक्समॉक्सचा एक नोड (आभासी मशिनं चालवणारा संगणक), ३२ जीबी रॅम, विंडोज सर्व्हर २०२२ चे दोन सेशन होस्ट (ज्यांवर लॉगिन करून काम करायचं ती आभासी मशिनं), एका एलएक्ससीत (लिनक्सच्या हलक्या कंटेनरमध्ये) सांबा, म्हणजे नेटवर्कवर फाइली पुरवणारा सर्व्हर, आणि प्रोफाइलं एफएसलॉजिक्सच्या व्हीएचडीएक्समध्ये (खात्याचं अख्खं प्रोफाइल ठेवणारी आभासी डिस्क, जी एफएसलॉजिक्स लॉगिनच्या वेळी होस्टला जोडतं). दुखणंही तेच. मधूनच एखाद्या दिवशी लॉगिन केलं की कोरा करकरीत डेस्कटॉप, जणू आजच खातं उघडलंय.

तिसऱ्या नोंदीत मी अँटिव्हायरसवर संशय घेतला होता. तो चुकीचा ठरला. व्हीएचडीएक्स आणि त्याच्या लॉक फाइली तपासणीतून वगळणं गरजेचं आहेच, ते तसंच ठेवा, पण त्याने फरक पडला नाही. झेडएफएस या फाइलप्रणालीच्या दर तासाच्या स्नॅपशॉटवरही (डिस्कची त्या क्षणीची स्थिती टिपून ठेवणं) एकाने बोट ठेवलं होतं. स्नॅपशॉट फाइल उघडतच नाही, खाली ब्लॉकच्या पातळीवर काम करतो, त्यामुळे त्याच्यामुळे लॉक लागण्याचा, म्हणजे फाइल दुसऱ्याच्या ताब्यात अडकण्याचा, प्रश्नच येत नाही.

मला सगळ्यात जास्त भरकटवलं ते वेगळ्याच गोष्टीने, आणि ती नीट सांगतो, कारण इथल्या निम्म्या लोकांना हाच त्रास असणार. होस्ट-दोनवर कोरा डेस्कटॉप आला की मी लॉक शोधायला धावायचो, आणि लॉक नसायचाच. व्हीएचडीएक्स मोकळं, परवानग्या बरोबर, तरी पुन्हा लॉगिन केलं की पुन्हा कोरा डेस्कटॉप. त्यावरून मी पक्कं ठरवलं होतं की लॉकचा यात संबंधच नाही.

शेवटी सी ड्राइव्हवरचं यूजर्स फोल्डर शांतपणे बघितलं. व्हीएचडीएक्स व्यवस्थित जोडलं गेलं असेल तर तिथे खात्याच्या नावाच्या फोल्डरसोबत 'लोकल_' ने सुरू होणारं जोडफोल्डर दिसतं. ते नव्हतं. टेम्प नावाचं फोल्डरही नव्हतं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५११ क्रमांकाची नोंदसुद्धा नव्हती. म्हणजे विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल दिलेलं नाही, चांगलं पक्कं स्थानिक प्रोफाइल बनवून दिलंय. मग एफएसलॉजिक्सचा स्वतःचा लॉग उघडला, प्रोग्रॅमडेटामधला. दोन दिवसांपूर्वीच्या पहिल्या लॉगिनला शून्य-शून्य-शून्य-वीस, म्हणजे हेक्समधला वीस, दशमानात ३२: फाइल दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे. त्यानंतरच्या प्रत्येक लॉगिनला मात्र वेगळंच कारण, या खात्याचं स्थानिक प्रोफाइल आधीच आहे म्हणून व्हीएचडीएक्स जोडलं नाही.

एका दुखण्याच्या पोटात दुसरं दुखणं होतं. पहिल्या वेळी लॉक असतो. एफएसलॉजिक्स पाच-पाच सेकंदांनी बारा वेळा प्रयत्न करतं, साठ सेकंदांनी सोडून देतं, आणि मूळ सेटिंगप्रमाणे लॉगिन न अडवता विंडोजच्या हवाली करतं. विंडोज नवं स्थानिक प्रोफाइल बनवतं. पुढे लॉक सुटतो, पण ते स्थानिक प्रोफाइल त्या होस्टवर तसंच पडून राहतं आणि व्हीएचडीएक्सची वाट कायमची अडवतं. मी दर वेळी दुसऱ्या दुखण्याची तपासणी करत होतो आणि पहिलं तोवर निघून गेलेलं असायचं.

आता 'प्रिव्हेंट लॉगिन विथ फेल्युअर' एक करून टाकलंय. व्हीएचडीएक्स मिळालं नाही तर लॉगिन अडतं आणि कारण समोर दिसतं. माझं ठाम मत आहे की हे सेटिंग मुळातच चालू यायला हवं होतं. माणसाला कोऱ्या डेस्कटॉपवर बसवून तिथे काम करू देणं वाईटच, कारण त्याने तिथे ठेवलेल्या फाइली नंतर त्याला सापडत नाहीत. व्हीएचडीएक्स लागू असताना स्थानिक प्रोफाइल पुसून टाकणारं दुसरं सेटिंगही आहे, पण ते मी ताईच्या त्या फोल्डरमधल्या सात फाइली हाताने बाहेर काढल्यावरच चालू केलं. तुम्हीही आधी आत बघा, मगच चालू करा.

आता मूळ लॉकाकडे. लॉक धरतंय कोण?

सांबाच्या एलएक्ससीत शिरून 'एसएमबीस्टेटस' (कोणत्या फाइली कोणी उघड्या धरल्यात ते दाखवणारी आज्ञा) मोठ्या एलसह चालवलं. ताईचं व्हीएचडीएक्स उघडं होतं, आणि शेवटच्या रकान्यातली वेळ सकाळची ९:१४. होस्ट-एक तर अकराच्या सुमारास गेला होता. जो होस्ट बंद पडून तास उलटला, त्याच्या नावावर फाइल अजून उघडी! नोडचं जर्नल बघितलं तर कर्नलने मेमरी संपली म्हणून होस्ट-एकची केव्हीएम प्रक्रियाच, म्हणजे ते आभासी मशीनच, मारून टाकलेली. झेडएफएसचा एआरसी (रॅममधला त्याचा साठा) फुगला होता. त्याला ४ जीबीची मर्यादा घातली, तो विषय तिथे संपला.

पण होस्ट असा मेल्यावर लॉक किती वेळ राहतो हे मला मोजायचंच होतं. दर पंधरा सेकंदांनी 'एसएमबीस्टेटस'चा निकाल वेळेसह फाइलीत लिहिणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लावली, 'क्यूएम स्टॉप' ने होस्ट-एक पाडला आणि होस्ट-दोनला हातही लावला नाही. लॉक दोन तास अकरा मिनिटांनी सुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. पुन्हा दोन तास अकरा मिनिटं.

इतका नेमका आकडा आपोआप येत नाही. कागद घेतला. लिनक्सच्या कर्नलमध्ये टीसीपी कीप-अलाइव्हची (समोरचा अजून जोडलेला आहे का हे तपासण्याची सोय) पहिली चाचणी ७२०० सेकंद शांततेनंतर जाते. उत्तर आलं नाही तर ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण नऊ चाचण्या. ७२०० अधिक ६७५, म्हणजे ७८७५ सेकंद. दोन तास, अकरा मिनिटं, पंधरा सेकंद. बेरीज पूर्ण झाली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

होस्ट नीट शटडाउन झाला तर तो जाताना जोडणी बंद करतो. केव्हीएम प्रक्रिया मारली गेली तर निरोप द्यायला कोणी उरतच नाही. सांबाच्या दृष्टीने समोरचा नुसता गप्प बसलाय. त्या जोडणीची सांबाची एसएमबीडी प्रक्रिया फाइल धरून बसून राहते, आणि कर्नलने जोडणी मेली असं सांगेपर्यंत ती सोडत नाही. पुन्हा चालू झालेल्या होस्टला आपलं आधीचं सत्र आठवत नाही, त्यामुळे तोही जुनी फाइल सोडवून घेऊ शकत नाही.

मग सांबाच्या सॉकेट ऑप्शन्सच्या ओळीत कीपआयडल २०, कीपइंटरव्हल ५, कीपकाउंट ३ टाकलं. वीस अधिक पंधरा, ३५ सेकंद. ही ओळ स्वतः लिहिली की मूळची किंमत पुसली जाते, म्हणून 'टीसीपी_नोडिले' पुन्हा लिहायला विसरू नका. पस्तीस सेकंद एफएसलॉजिक्सच्या साठ सेकंदांत आरामात बसतात. सुरुवातीला सांगितलेली पाच यशस्वी लॉगिनं ती हीच.

सहाव्या वेळी मात्र घात झाला. ताई प्रत्यक्ष चित्र काढत असताना, तिला सांगूनच, होस्ट-एक पाडला. होस्ट-दोनवर साठ सेकंद उलटले, लॉगिन अडलं. स्क्रिप्टच्या नोंदीत लॉक सुटला सोळा मिनिटांनी!

याचं उत्तर शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. कीप-अलाइव्ह फक्त शांत जोडणीसाठी असतो. सांबाने पाठवलेल्या एखाद्या पॅकेटची पोच यायची राहिलेली असेल तर कर्नल कीप-अलाइव्हकडे बघतच नाही, ते पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, दर वेळी अंतर वाढवत. हे किती वेळा करायचं ते 'टीसीपी_रिट्राइज२' ठरवतं. मूळ किंमत १५, आणि कर्नलच्या दस्तऐवजातच तिचा हिशोब दिलाय: किमान ९२४.६ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांहून थोडं जास्त. काम चालू असताना होस्ट गेला तर वाटेत काहीतरी असण्याची शक्यता मोठी.

ती किंमत ८ केली. साधारण शंभर सेकंद होतात, आणि याहून खाली जायची माझी तयारी नाही, नाहीतर नेटवर्क जरासं अडखळलं तरी जिवंत जोडण्या तुटतील. एलएक्ससीचं नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कच्या सेटिंगचा स्वतंत्र कप्पा) वेगळं असल्याने हा बदल नोडवर न करता तिथल्या तिथे करता येतो, हे बरं. पण शंभर सेकंद साठांत बसत नाहीत. म्हणून एफएसलॉजिक्सच्या प्रयत्नांची संख्या बारावरून तीस, म्हणजे अडीच मिनिटं. चालतं. पण लॉगिनच्या पडद्यासमोर पावणेदोन मिनिटं बसून राहणं मला काही आवडलं नाही.

इथवर लिहून झालं आणि लक्षात आलं की मी चुकीच्या बाजूने ढकलतोय. होस्ट मेला हे सांबाला तर्काने ओळखायला का लावायचं? प्रॉक्समॉक्सला ते त्याच क्षणी माहीत असतं. हुकस्क्रिप्टचा (गेस्ट, म्हणजे आभासी मशीन, सुरू-बंद होताना प्रॉक्समॉक्स आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट) 'पोस्ट-स्टॉप' टप्पा गेस्ट कोसळला तरी चालतो. आणि सांबाला निरोप देणाऱ्या 'एसएमबीकंट्रोल'मध्ये एका आयपीच्या सगळ्या जोडण्या तोडणारा 'किल-क्लायंट-आयपी' हा निरोप आहे. लिहिणं तिथेच थांबवलं, सहा ओळींची हुकस्क्रिप्ट केली: पोस्ट-स्टॉप आला की 'पीसीटी एक्झेक' ने सांबाच्या एलएक्ससीत शिरायचं आणि मेलेल्या होस्टच्या आयपीवर तो निरोप सोडायचा.

आता येऊन पुढचं लिहितोय. चालू चित्रावर होस्ट पाडला, होस्ट-दोनवर लॉगिन अकरा सेकंदांत. तीन वेळा केलं. दर वेळी व्हीएचडीएक्स वेगळं चढवून चेकडिस्क चालवली, तिन्ही वेळा स्वच्छ. ताईची फक्त शेवटची न जतन केलेली रेघ गेली, ते साहजिकच आहे.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो. हा निरोप जिवंत होस्टच्या आयपीवर कधीही सोडू नका. खात्याची सेटिंग ठेवणारी एनटीयूजर डॉट डॅट ही फाइल त्या व्हीएचडीएक्समध्येच आहे आणि लॉगिन असेपर्यंत ती रजिस्ट्रीत चढलेली असते. माणूस काम करत असताना तिच्याखालची डिस्क ओढून घेणं म्हणजे प्रोफाइल बिघडवण्याची हमखास रीत. म्हणून माझी स्क्रिप्ट आयपी गेस्टच्या क्रमांकावरून एका फाइलीतून उचलते, हाताने टाकायला जागाच ठेवलेली नाही.

टीसीपीचे बदल काढत नाहीये. आज सांबा आणि दोन्ही होस्ट एकाच नोडवर आहेत, नोड गेला तर लॉकही त्याच्यासोबत जातात. पण पुढच्या महिन्यात होस्ट-दोन दुसऱ्या नोडवर न्यायचा बेत आहे, आणि तो नोड वीज जाऊन बंद पडला तर पोस्ट-स्टॉप चालवायला तिथे कोणीच नसेल. तेव्हा शंभर सेकंदांचाच आधार. दुसऱ्या नोडची चाचणी प्लग ओढूनच करणार आहे.

मूळ बेत यूपीडीकडे (विंडोजच्या यूजर प्रोफाइल डिस्क) परत जायचा होता, तो रद्द. सिडर या साधनाने एसआयडीवरून (खात्याचा ओळखक्रमांक) नावं शोधत बसण्याचे दिवस मला परत नकोत.

हुकस्क्रिप्ट हवी असेल त्यांनी सांगा, माझे क्रमांक काढून टाकतो. आणि कोणाचा सांबा क्लस्टरमध्ये चालत असेल, तर 'किल-क्लायंट-आयपी' सोडल्यावर लॉक लगेच सुटतो का, तेवढं 'एसएमबीस्टेटस'च्या वेळेसकट कळवा.